बाळाराम डावीकडे बसायचा

त्या सकाळी दाढी करून मी बाहेर आलो आणि शैलाला म्हणालो, "चहा टाक."

ती माझ्याकडे बघून हसली. "अर्धीच केलीत? ब्लेड संपलं का?"

मी गालावरून हात फिरवला. उजवा हात, उजव्या गालावरून. गाल गुळगुळीत होता. "झाली की पूर्ण," मी म्हणालो.

तिचं हसू उतरत गेलं. ती जवळ आली, माझा डावा हात उचलून तिने सोडला आणि तो धपकन खाली पडला. डाव्या गालावर फेस तसाच वाळत होता, तोंडाचा तो कोपरा खाली ओघळला होता, हे सगळं मला पुढे तिच्याकडून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं, की माझी बायको उगाच घाबरली आहे.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. भिवंडीहून ठाण्याला जाईपर्यंत मी एकच धरून बसलो होतो, की माझा बारावीचा पहिला तास आहे आणि तुम्ही लोक मला उशीर करताय. केतकी, माझी मुलगी, पुढच्या सीटवरून सारखी मागे वळून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा राग येत होता.

*

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो. कथा शिकवताना पहिल्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहायचो, 'सांगतंय कोण?' शनिवारी मुलांना सिनेमा दाखवायचो आणि नंतर विचारायचो, कॅमेरा कुठे उभा होता? जे चौकटीत आलं नाही ते तुमच्यासाठी घडलंच नाही, हे लक्षात ठेवा, असं सांगायचो. निवेदक स्वतःलाच फसवत असतो अशी एखादी कथा लावली, की एक ना एक मुलगी विचारायचीच, "पण सर, त्याला स्वतःला कसं कळत नाही?" मी हसायचो. म्हणायचो, "कळलं असतं तर कथा झाली असती का?"

हुशारीचं उत्तर होतं. वर्षानुवर्षं दिलं.

*

डॉक्टरांनी शैलाला आणि केतकीला माझ्या खाटेपाशीच सांगितलं. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी झाली आहे. डावा हात, डावा पाय गेला आहे, पाय बहुधा येईल, हाताचं सांगता येत नाही. "आणि आणखी एक. त्यांना नेग्लेक्ट आहे. डाव्या बाजूकडे त्यांचं दुर्लक्ष होणार."

"डोळ्याला काही झालंय का?" शैलाने विचारलं.

"डोळे ठीक आहेत. मेंदू डावी बाजू मोजतच नाही."

दुर्लक्ष हा शब्द मला लागला. दुर्लक्ष माणूस मुद्दाम करतो. मी कुणाकडे दुर्लक्ष करत होतो?

हा आजार ज्यांच्या घरात आला आहे, त्यांच्यासाठी हे नीट सांगतो, कारण बाहेरून ते समजत नाही. आजाऱ्याला अर्धं जग काळं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तुमच्या डोक्याच्या मागे आता तुम्हाला काय दिसतंय? काळोख दिसतोय का? काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही याची चुटपुटही लागत नाही. माझी डावी बाजू तशी झाली. जग पुरतं होतं. त्यात काहीही कमी नव्हतं.

एकदा पांघरुणावर एक हात पडलेला दिसला. मी नर्सला म्हणालो, "हा कुणाचा हात इथे ठेवलाय? उचला."

"तुमचाच आहे, काका."

"माझे दोन्ही माझ्यापाशी आहेत."

तो हात तिने उचलला, माझ्या उजव्या हातात दिला आणि वर आपला हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. असल्या लहान गोष्टींवर दवाखान्यातले दिवस निघतात.

सकाळी अंग पुसणं, मग रक्त, मग व्यायामवाली बाई, मग डॉक्टरांची फेरी. माझ्या उजवीकडच्या खाटेवर नारपोलीचे एक वयस्कर लूम कामगार होते, त्यांची वाचा गेली होती. त्यांचा पुतण्या शमीम रात्रपाळी करून तिथेच येऊन बसायचा. मला मोसंबी सोलून द्यायचा. एक दिवस मला म्हणाला, "सरजी, ज़रा उधर भी देखिए ना. आपके भाई बैठे हैं."

मी बघितलं. कुणी नव्हतं. रात्रपाळीने पोराचं डोकं फिरलंय, असं मनात आलं.

*

भाऊ म्हणजे बाळाराम. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मी शिकून भिवंडीत आलो, तो पडघ्यालाच राहिला. शेत त्याने राखलं, हायवेकडचा तुकडा गोडाऊनला भाड्याने दिला, दोन टेम्पो घेतले. दोन वर्षांपूर्वी त्या गोडाऊनच्या कागदांवर सही करायला मी आढेवेढे घेतले होते. भांडण असं झालं नाही, पण गणपतीत आम्ही एकमेकांशी मोजकंच बोललो होतो.

दवाखान्यात मी दर सकाळी वाट बघायचो. दार उजवीकडे होतं. दारातून सासुरवाडीची माणसं आली, कॉलेजचे शिपाईकाका आले, ज्याला मी दोनदा नापास केलं होतं तो विद्यार्थीसुद्धा आला. भाऊ आला नाही. मी शैलाला विचारायचो, "बाळा आला नाही ना?"

"अहो, आत्ताच तर बोललात त्याच्याशी!"

"कधी?"

ती माझ्या पलीकडे कुठेतरी बघायची.

आवाज यायचा, हे मला आज आठवतं. "दादा, कसा हायेस?" असा. पण तो मला उजवीकडून आल्यासारखा वाटायचा. मी शमीमकडे बघून उत्तर द्यायचो, "बरा आहे रे." मेंदूला डावीकडून आलेला आवाज ठेवायला डावीकडे जागाच नव्हती, म्हणून तो उजवीकडे जो माणूस दिसेल त्याच्या तोंडात नेऊन घालत होता. हे व्यायामवालीने मला नंतर समजावलं. तेव्हा मला फक्त एक सरळ, स्वच्छ गोष्ट दिसत होती. सही दिली नाही म्हणून भाऊ आला नाही. आणि बायको-मुलगी ते झाकत आहेत.

केतकी एकदा चिडली. ती माणकोलीच्या गोडाऊनमध्ये ऑफिसात आहे, शिफ्ट संपवून थेट दवाखान्यात यायची. "बाबा, काका रोज येतात! तुमचे पाय चोळतात! तुम्ही असं कसं बोलता?"

"तुला कुणी शिकवलं हे बोलायला?" मी विचारलं.

ती बाहेर गेली. शैलाही गेली तिच्या मागे. थोड्या वेळाने शैला एकटीच आत आली आणि चादर नीट करू लागली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, वाद घालू नका, उपयोग नाही. त्या दिवसापासून तिने बाळारामचा विषय सोडला. तिने विषय सोडला, म्हणजे माझं खरं होतं, असा मी अर्थ घेतला.

*

घरी आलो. पाय थोडा आला होता, काठीने चालायचो. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. मी म्हणायचो, या घराची दारं अरुंद आहेत.

पेपर वाचायला लागलो तर बातम्या विचित्र लिहिलेल्या. ओळीची सुरुवात माझ्या लक्षात यायची नाही. 'भिवंडी' मला 'वंडी' दिसायचं. पण मला अडायचं नाही. उरलेल्या शब्दांतून माझं मन वाक्य जुळवायचं आणि ते वाक्य पटायचं. कपाटातल्या एका जुन्या कथासंग्रहातली कथा मी अशी वाचली आणि शैलाला तिचा शेवट सांगितला. ती म्हणाली, "अहो, ही कथा तुम्हीच मला लग्नानंतर वाचून दाखवली होती. त्यात ती बाई मरत नाही."

"मरते," मी म्हणालो. "आत्ताच वाचली."

ती माझ्या शेजारी बसली. मला वाटलं वाद घालेल. तिने फक्त पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटून मांडीवर ठेवलं. खिडकीतून लूमचा खडखडाट येत होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मरू द्या मग."

हे मी मुद्दाम लिहितो आहे. आजारी माणसाचं दुःख सगळ्यांना दिसतं. जो माणूस रोज आपलं खरं गिळून समोरच्याच्या जगात राहायला जातो, त्याचं कुणी विचारत नाही.

*

भातकापणी उरकल्यावर बाळाराम आणि सुगंधा, त्याची बायको, आम्हाला भेटायला आले. नव्या तांदळाची पिशवी, सुकट, घरच्या काकड्या. घरात कॉलेजचे दोन सहकारी बसले होते. शैलाने बाळारामला माझ्या समोर, जरा उजवीकडे खुर्ची दिली. आजारपणानंतर मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. तो वाळला होता.

"आलास?" मी म्हणालो. "वाट सापडली म्हणायची."

तो हसला. "कसा हायेस, दादा?"

"जिवंत आहे. दवाखान्यात मरायला टेकलो होतो तेव्हा सगळं जग येऊन गेलं. तू तेवढा आला नाहीस. एका सहीसाठी?"

शैलाच्या हातात चहाचा ट्रे होता. "अहो, काय बोलताय? तो तर—"

बाळारामने हात वर करून तिला थांबवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चुकलं, दादा. यायला पायजे होता मी."

सहकारी चहाच्या कपात बघत राहिले. सुगंधा ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला आतून भांड्यांचा आवाज आला, आणि मग रडण्याचा. मला वाटलं, शरम वाटली असेल.

जाताना बाळाराम माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. मोठ्या मनाने क्षमा केल्यासारखा.

रात्री शैलाला म्हणालो, "बघितलंस? त्याने स्वतः कबूल केलं."

ती पाठ करून झोपली होती. "हो," म्हणाली. "बघितलं."

*

थंडी संपता संपता फोन आला. पडघ्याच्या बाजारात, टपरीवर चहा पिताना बाळाराम बसल्या बसल्या कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मला गाडीतून नेलं. अंगणात त्याला ठेवलं होतं. मी थोरला, म्हणून लोकांनी मला खुर्ची दिली आणि पुढे बसवलं. मी रडलो. पण खरं सांगतो, त्या रडण्याच्या तळाशी एक खडा होता. भाऊ गेला, पण माझ्या वेळेला आला नव्हता, असा. सुगंधा माझ्याकडे एकदाच बघून गेली. त्या नजरेचा मला उलगडा झाला नाही. बाळारामच्या मुलाने अग्नी दिला. परतताना हायवेवर ट्रकांच्या रांगेत आम्ही खूप वेळ अडकलो.

*

शैला दिवसकार्यासाठी पडघ्याला राहायला गेली. घरी केतकी आणि मी. तिने शिफ्टवर जायच्या आधी मला जेवायला वाढलं. मी जेवलो. मग हाक मारली, "केतकी, भाजी वाढली नाहीस? आणि भाकरी अर्धीच?"

ती आली. डोळे सुजलेले, हातात डबा. तिने माझ्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वाकून ताटाच्या कडेला दोन्ही हात लावले आणि ते माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू फिरवलं.

आणि कुठून तरी भाजी आली. तिच्या मागून कोशिंबीर आली. लिंबाची फोड. उरलेली अर्धी भाकरी, आधीच्या अर्धीला चिकटलेली.

"आई रोज हेच करते," केतकी म्हणाली. "तुम्ही निम्मं जेवलात की फिरवते. तुम्हाला कळत नाही."

व्यायामवालीने कागदावर रेघा आखून, घड्याळ काढायला लावून मला हे अनेकदा दाखवलं होतं. माझ्या घड्याळात बारा ते सहाच आकडे असायचे, आणि मी म्हणायचो, चित्रकला हा माझा विषय नाही. पण जेवणारा माणूस ताटाशी खोटं बोलू शकत नाही. मला भूक होती आणि भाजी तिथे होती. माझ्या समोर. सगळा वेळ.

मी त्या ताटाकडे बघत बसलो. केतकीला वाटलं मला पुन्हा काही झालं. ती माझ्या जवळ खाली बसली. "बाबा?"

"दवाखान्यात," मी विचारलं, "बाळा कुठे बसायचा?"

तिने डबा जमिनीवर ठेवला.

"खिडकीपाशी. तिथे स्टूल होतं. तुमच्या डावीकडे."

"तिथे खिडकी होती?"

"हो, बाबा."

त्या दिवशी ती शिफ्टवर गेली नाही.

*

दहाव्या-बाराव्याला पडघ्याला जायचं धाडस मला झालं नाही. ऊन तापायला लागल्यावर एका रविवारी गेलो. शैला बरोबर होती. सुगंधा ओटीवर सुपात तांदूळ निवडत होती. तिने पाणी आणून दिलं आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसली.

काय बोलायचं ते मी गाडीत जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. म्हणालो, "सुगंधा, तो यायचा. मला आता कळलं."

ती तांदूळ चाळवत राहिली.

"मला तो दिसत नव्हता. देवाशपथ दिसत नव्हता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्यांना पण ठावं होतं. डाक्टरनी सांगितलेलं."

मग जे मला राहून राहून छळत होतं ते विचारलं. "मग तो उजवीकडे का नाही येऊन बसला? एकदा तरी. मी त्याला बघितलं असतं. एवढंच करायचं होतं."

सुगंधाचे हात थांबले. तिने शैलाकडे बघितलं. शैलाने मान खाली घातली. मला कळलं, की तिलाही हे माहीत होतं आणि तिने मला सांगितलं नव्हतं.

"मी हजारदा बोलली त्यांना," सुगंधा म्हणाली. "दादा शिव्या देतात, तुमी आला न्हाय बोलतात, जरा या बाजूला जाऊन बसा ना. तर बोलले, डाक्टरनी सांगितलंय घरच्या मानसानी डाव्या अंगालाच बसायचं. तिथूनच हाक मारायची. आपल्या मानसाचा आवाज ऐकून मान वळंल, मग मेंदूला सवय होईल. बाकीची समदी उजवीकडं बसतात, दादाला तेच सोपं पडतं. मग त्या अंगाला कोण बसंल?"

सुपात दोन दाणे इकडून तिकडे केले तिने.

"रोज घरी आल्यावर मी विचारायची, वळले का? बोलायचे, आज न्हाय. आज थोडीशी हलवली मान, मना वाटला. उद्या वळंल."

शैला उठून आत गेली. ओटीवर आम्ही दोघंच राहिलो. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ अंगणात आली आणि बसली.

"शेवटच्या दिवशी, तुमाला घरी सोडायचे त्या दिवशी, आले ते लई खूश होते," सुगंधा म्हणाली. "बोलले, दादानी मान वळवली. माझ्याकडं बघितला."

मी ती आठवण शोधतो आहे. रोज शोधतो. ढकलत नेलेली खाट, उघडं दार, शमीमने हात हलवला, हे सगळं सापडतं. बाळारामचा चेहरा सापडत नाही. कदाचित मी वळलो होतो आणि मेंदूने ते ठेवलं नाही. कदाचित मी वळलोच नव्हतो, आणि घरी बायको वाट बघत होती म्हणून त्याने तसं सांगितलं. किंवा त्याला ते तसं खरोखर दिसलं. तिन्हींपैकी कुठलं, हे सांगू शकणारा माणूस आता नाही.

"बघितलं होतं," मी सुगंधाला म्हणालो. "मला आठवतं."

तिने पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली. मग सूप बाजूला सारून म्हणाली, "जेवूनच जा."